न दुखणारी गाठ

ख्वाजा नदाफाची गाठ दुखत नव्हती, तिथंच सगळा घोळ झाला. दुखली असती तर गडी बोंबलत का होईना, दवाखान्यात गेला असता. भादव्यात आंघोळ करताना ती हाताला लागली. उजव्या अंडात, वालाच्या दाण्याएवढी, कडक. ख्वाजा पिंजारी, कापूस पिंजणारा माणूस. कापसात राहिलेली सरकी बोटांना लागावी तशी ती लागली.

शेजारच्या बाळासोला स्वतःला अंडवृद्धी होती, दोनदा पाणी काढलेलं. त्यामुळं या खात्यात गल्लीत त्याचाच शब्द शेवटचा.

"पाणी उतरलंय," तो म्हणाला. "एरंडाची पानं शेकून बांध, लंगोट आवळ. दुखत न्हाय न्हवं? मग घोर कशाला? पर सरकारी दवाखान्याकडं फिरकू नगंस. या पावणं म्हणून आत घेत्यात आन् नस कापून भाईर काढत्यात."

साल शहात्तरचं. नसबंदीच्या धाकानं भलेभले तालमीतले पैलवान उसात जाऊन बसत होते. ख्वाजाच्या लग्नाला आठ वर्षं झालेली आणि सलमाची कूस रिकामी. खासगी डॉक्टरकडं जावं तर तोही चिठ्ठी तिकडचीच देणार. ख्वाजानं पानं बांधली आणि पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून दवाखान्याचा रस्ताच सोडला. शहाणपणावर कधी अशी वेळ येते, की त्याचाच गळफास व्हावा.

कार्तिकात सलमाला दिवस राहिले. ख्वाजा पेढे वाटत सुटला.

"गेलो असतो तर?" तो बाळासोला म्हणाला. "बसलो असतो की हात चोळत."

तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती. चालताना ओढल्यासारखं वाटायचं, पण दुखत नव्हतंच. फाल्गुनात पाठ धरली. धनुकली उचलेना, अन्न जाईना. सरकार पडलं, नसबंदीची पथकं बंद झाली, तेव्हा चैत्रात सहा महिन्यांच्या गरोदर सलमानं त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. तिला बाहेर बाकावर बसवून तो एकटाच आत गेला.

डॉक्टरांनी खिडकी लावली आणि गाठीच्या मागं बॅटरी धरली. पुढं अंधारच राहिला.

"पाणी असतं तर उजेड आरपार आला असता," ते म्हणाले. "पाणी साठतं, शिरांचा गुंता होतो, आतडं खाली उतरतं, मार लागून सुजतं. सगळ्यांना लोक अंडवृद्धीच म्हणतात. पण अंडाच्या आतच कडक गाठ असली, तर ती दुखो न दुखो, एक दिवस थांबू नये. कधीपासून आहे?"

"भादव्यापास्नं."

डॉक्टरांनी पोट चाचपलं. बेंबीच्या वर त्यांचा हात थांबला, तिथंच पुन्हा दाबून बघितलं.

"सात महिने. आला का नाहीस?"

"नस कापली असती की तुमी."

मी कापली नसती, असं डॉक्टरांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. त्या हिवाळ्यात त्यांनी कितीजणांच्या कापल्या होत्या ते त्यांना ठाऊक होतं. बेसिनपाशी जाऊन ते बराच वेळ हात धूत राहिले.

"तेव्हा एक अंड काढलं असतं," ते पाठमोरेच म्हणाले. "दुसऱ्यावर पोरं झाली असती. आता गाठ पोटात चढलीय, ख्वाजा. खालची काढतो. वरची माझ्या हातात नाही. मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्याची चिठ्ठी देतो, तिथं किरणांचा शेक देतात. पण खोटी आशा दाखवणार नाही."

ख्वाजाच्या ध्यानात आलं. पोर वाचवायला पळालो आणि पोराचा बापच घालवून बसलो. त्याला बाळासोचा राग आला, सरकारचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दाराच्या फटीतून सलमा दिसत होती. पोटावर हात ठेवून शेजारच्या बाईशी हसून बोलत होती.

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढं सरकवला. "काय लिहिलंय ते वाचून दाखवतो."

ख्वाजानं स्वतःच शाईत अंगठा बुडवला.

"नगा वाचू," तो म्हणाला. "काय बी कापा. ती आषाढात बाळंत व्हनार हाय. तेवढं पोराचं तोंड दिसंल असं कापा."