आत पैलवान, बाहेर भोवरा

सकाळी दहा वाजता भेटीची घंटा झाली. दार उघडले, तीन माणसे आत आली आणि कुत्रा उठला नाही.

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. प्लायवूडचा, समोर लोखंडी जाळीचे दार असलेला, विमानातून कुत्रा नेण्यासाठी बनवलेला. तो कुत्रा माझ्यातच बसला होता, त्यामुळे त्या सकाळी जे घडले ते मी अगदी जवळून पाहिले. जे मला कळले नाही ते कळले असे मी सांगणार नाही.

ती जागा म्हणजे विलगीकरण केंद्र. परदेशातून आलेल्या कुत्र्यामांजरांना काही रोग नाही ना, याची खात्री होईपर्यंत त्यांना तिथे ठेवतात. सिमेंटची लांबट खोली, मधोमध पाणी वाहून जायला नाली, भिंतीला गुंडाळलेली रबरी नळी आणि एका बाजूला बाक. भेटायला येणाऱ्यांनी बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायचे, हात धुवायचे आणि मगच आत यायचे. बाहेरचे काही आणायचे नाही, असा नियम.

आलेल्यांत एक आई होती, तिची मुलगी होती आणि आईचे वडील होते. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. कुत्र्याचे नाव होते भोवरा. तोही टिकत नसे. बसण्याआधी स्वतःभोवती गरागरा फिरायचा. दोघांची नावे आजोबांनी ठेवलेली.

भिंगरी धावतच माझ्यासमोर आली आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली.

"भोवऱ्या," ती म्हणाली. "ए भोवऱ्या, मी आलेय."

भोवऱ्याने तिच्याकडे पाहिले. दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या अनोळखी माणसाकडे आपण पाहतो, तसे. मग नजर वळवली.

"रुसलाय," आई म्हणाली.

आजोबा बाकावर टेकले. दमले होते. गुडघा चोळत ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "काय रे पैलवान."

कुत्रा उठला. माझ्या दारातून सावकाश बाहेर आला, मागचा डावा पाय जरा ओढत. भिंगरीने पसरलेल्या हातांच्या बाजूने तो पुढे गेला आणि आजोबांच्या बुटावर हनुवटी ठेवून पडून राहिला. आजोबांचा गुडघ्यावरचा हात तिथेच थांबला.

पैलवान नावाचा कुत्रा केव्हाच वारला होता, मित्रांनो. भोवऱ्याने त्याला कधी पाहिलेही नव्हते.

आता मला थोडे मागे जाऊन सांगावे लागेल.

मला बनवले ते पैलवानासाठीच. तो एवढा थोराड होता की दुकानातले तयार पिंजरे त्याला पुरत नसत. आजोबांनी सुताराला घरी बोलावले. सुताराने पैलवानाची लांबी-उंची दोरीने मोजली, कुत्र्याने तेवढ्यात त्याची पेन्सिल चावली, आणि सुतार म्हणाला, "साहेब, याला पिंजरा नको, खोली बांधा." पण माझे काम त्याने मनापासून केले. हवेसाठी भोके पाडली, आतल्या सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासल्या. आजोबांनी स्वतःच्या जुन्या कोटाची गादी शिवून माझ्यात घातली. त्या काळात आजोबांची नोकरी फिरतीची होती. पैलवान आणि मी त्यांच्याबरोबर बऱ्याच विमानांतून गेलो. सामान चढवणारे लोक माझ्यावर थाप मारून म्हणत, "काय भक्कम आहे." ऐकून बरे वाटायचे.

पैलवान नेहमी माझ्या डाव्या भिंतीला रेलून झोपायचा. तिथली फळी त्याच्या भाराने किंचित बाहेर आली होती. म्हातारपणी त्याचा मागचा डावा पाय अधू झाला, तसा तो घरातही माझ्यातच राहू लागला. एका दुपारी तो माझ्यात झोपला तो उठलाच नाही. आजोबा जाळीला हात लावून बसून होते. संध्याकाळी त्याला नेले. गादी मात्र आजोबांनी काढू दिली नाही.

त्यानंतर मी माळ्यावर पडून होतो. शेजारी एक मोडकी छत्री आणि चाक निघालेली बॅग. कोणी वर बघतही नसे.

पुढे भिंगरीसाठी भोवरा आला, आणि काही दिवसांनी आईची परदेशात बदली झाली. मला खाली उतरवले, पुसले. पण भोवरा माझ्यात पाऊल ठेवायला तयार नव्हता. आजोबांनी ते काम अंगावर घेतले. रोज दाराशी बसायचे, आत खाऊ ठेवायचे आणि म्हणायचे, "पैलवान, आत."

"आजोबा, त्याचं नाव भोवरा आहे," भिंगरी म्हणायची.

"बाहेर भोवरा. आत जाईल त्याचं नाव पैलवान. पिंजऱ्याचं नाव आहे ते, कुत्र्याचं नाही."

"बाबा, कुत्रा आहे तो," आई स्वयंपाकघरातून म्हणायची. "खुर्ची रिकामी झाली म्हणून बसवायचा कारकून नाही. आणि ती गादी तरी धुवा."

"धुवायची नाही. जुन्याचा वास असला की नवा शांत बसतो."

सगळे हसले. भोवराही शिकला. 'पैलवान, आत' म्हटले की घुसायचा आणि एकदम गप्प व्हायचा. बाहेर काढले की पुन्हा धिंगाणा. घरात ती गंमतच झाली होती. पाहुण्यांना करून दाखवायचे.

मग तो प्रवास. विमानाच्या पोटात अंधार असतो आणि गुरगुर असते. भोवरा सुरुवातीला थरथरत होता, रडत होता. जाळीला त्याचे नाक सारखे लागत होते. बऱ्याच वेळाने तो गादीवर पडला. आणि त्यानंतर, मित्रांनो, माझी डावी फळी बाहेर दाबली गेली. जिथे पैलवान रेलायचा, नेमकी तिथे. भोवरा तर उजव्या कोपऱ्यात होता. दोन श्वास चालले होते. एक भरभर, एक सावकाश. सावकाश चाललेला श्वास मला पाठ होता. विमान उतरेपर्यंत त्यातला भरभर चालणारा श्वास हळूहळू माझ्या मागच्या टोकाकडे सरकत गेला.

केंद्रात आल्यावर तिथल्या देखरेखीच्या बाईंनी, त्या मूळच्या आपल्याकडच्याच, गादी काढून जाळून टाकली. नियमच होता. मला उग्र वासाच्या औषधाने धुतले आणि कुत्र्याला झोपायला म्हणून पुन्हा त्याच्या खोलीत ठेवले.

पुढच्या भेटींना असेच चालले. भिंगरी केंद्रातला चेंडू फेकायची, कुत्रा बघायचा. भिंगरी गाणे म्हणायची, कुत्रा डोळे मिटायचा. आजोबांचा खोकला दाराबाहेर ऐकू आला की मात्र शेपूट फरशीवर आपटू लागायचे.

"मावशी, हा आमचा नाही," भिंगरीने बाईंना सांगितले.

"इथं आल्यावर सगळीच रुसतात ग," बाई रबरी नळी सोडवत म्हणाल्या. "मागं एक मांजर होतं. मालकीण आली की भिंतीकडे तोंड करायचं. घरी गेलं आणि तिच्याच उशीवर झोपलं म्हणे."

डॉक्टरांनी कुत्र्याच्या मानेवरून यंत्र फिरवले. कातडीखालची चिप भोवऱ्याचीच होती. पायाचा फोटो काढला. हाडात काही दोष नव्हता. "तुम्हीच त्याला त्या नावाची सवय लावलीत," डॉक्टर म्हणाले. "पिंजऱ्यात राहतोय, म्हणून त्या नावाला ओ देतोय. घरी गेला की विसरेल."

"आणि लंगडणं?" आईने विचारले.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. "त्याचं काही सांगता येत नाही," ते म्हणाले.

आजोबा कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत होते. त्या महिनाभरात त्यांची तब्येत सुधारली होती. दाढी रोज होऊ लागली होती.

सुटकेच्या दिवशी कुत्र्याला पट्टा घालून बाहेर नेले. मला गाडीत जागा नव्हती, आणि आईलाही मी घरात नको होतो. "याला मोडीत काढा," ती बाईंना म्हणाली. सगळे दाराकडे निघाले, तेव्हा भिंगरी मागे वळली. तिने माझ्यात हात घातला, अगदी मागच्या टोकापर्यंत. मग तसाच ठेवला.

"आई," ती हळूच म्हणाली. "हात चाटतोय."

"ओलं असेल काहीतरी. चल."

"कोरडं आहे ग आत."

आईने तिला दंडाला धरून नेले.

मला सामानाच्या खोलीत ठेवले. दोन दिवसांनी मोडीवाला आला. रिकामा म्हणून त्याने मला एका हाताने उचलायला घेतले आणि लगेच खाली ठेवले. "आत काय हलतंय?" त्याने बाईंना विचारले. बाईंनी वाकून पाहिले. आत काही नव्हते. पण माझ्या तळाच्या फळीवर नखांचा आवाज चालला होता. गोल गोल. बाईंनी मोडीवाल्याला परत पाठवले आणि भिंगरीच्या घरी फोन लावला.

आज ते सगळे आले आहेत. बाईंनी मला पुन्हा त्या सिमेंटच्या खोलीत आणून ठेवले आहे. भिंगरी माझ्यासमोर बसली आहे. ती बारीक झाली आहे. आई सांगत होती, घरी तो कुत्रा भिंगरीच्या खोलीत पाऊल टाकत नाही आणि भिंगरी धड जेवत नाही.

"याला एकदा आत जाऊ द्या," भिंगरी आजोबांना म्हणते आहे. "आत गेला की भोवरा बाहेर येईल. मी हाक मारते."

"आणि नाही आला तर?" आजोबा म्हणाले. "हाही गेला, तोही आला नाही, तर? तेलही जाईल आणि तूपही."

"तुम्हाला तुमचा मिळाला. माझा इथे आत बसलाय, आजोबा. एकटा."

"भिंगरे, मला तो पुन्हा गमवायला सांगतेस तू."

"बाबा," आई म्हणाली.

मित्रांनो, वस्तू जपा, असे माझ्यासारखे सगळे म्हातारे सांगतात. मीही सांगेन. पण आमच्यात कोणी राहून गेले असेल, तर त्याच्या जागी दुसऱ्याला आणताना त्याला त्याचे स्वतःचे नाव द्या. त्याला त्याच नावाने हाक मारा, आतही आणि बाहेरही. मी लाकूड आहे. कोणाला आत घ्यावे आणि कोणाला नाही, हे मला ठरवता येत नाही.

आत्ताचे सांगतो. माझी कडी बाईंनी काढली आहे, दार उघडे आहे. कुत्रा उंबरठ्याशी उभा आहे आणि आत बघून अंगावरचे केस फुलवतो आहे. आतून एक भरभर श्वास चालू आहे. पट्ट्याचे टोक आजोबांच्या मुठीत आहे. त्यांनी ते अजून सोडलेले नाही.