जबडा ओढणाऱ्या मास्कची कैफियत

मी एक जुना मास्क आहे. सर्दी झाली की नाकातोंडावर चढवतात त्या कापडी मंडळींशी माझं नातं नाही. मला हाडं आहेत. मधोमध स्टीलची उभी दांडी, वर कपाळाला टेकणारी गादी, खाली हनुवटीला बसणारी वाटी आणि ओठांसमोर दोन आकड्यांची आडवी तार. मित्रांनो, माझा जन्म झाला तेव्हा मला पाहून कारखान्यातल्या मुकादमाच्या हातातला चहा सांडला, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. त्यात माझ्या पदरचं थोडं आहे. यापुढे जे सांगणार आहे त्यात मात्र पदरचं काही नाही. असतं तर बरं झालं असतं.

मी ज्या मुलीसाठी आलो तिला घरात सगळे बिट्टी म्हणायचे. सात-आठ वर्षांची असेल. खाली बाबांचा फोटो स्टुडिओ, वर घर. आपण तोंड मिटलं की वरचे दात खालच्या दातांच्या पुढे येतात. बिट्टीचं उलटं व्हायचं. हनुवटी पुढे, ओठ आत. तिच्या आत्याचंही तसंच होतं. आत्या त्याच घरात शिवणकाम करायची, पण दोरा तिला दातांनी तोडता येत नसे, कारण समोरचे दात एकमेकांना भेटतच नसत. म्हणून ती गळ्यात कात्री अडकवून फिरायची.

बिट्टीला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आत्यानेच ठरवलं.

"कशाला?" बाबा म्हणाले. "आपल्या घराण्याचा जबडा आहे तो. आपल्या आजोबांचा असाच होता. रुबाब होता त्यांचा."

"आजोबांना मिशा होत्या दादा," आत्या म्हणाली. "आणि तुझ्या एका तरी फोटोत तू मला पुढच्या रांगेत उभं केलं आहेस का, ते सांग आधी."

बाबांनी कॅमेरा पुसायला घेतला. ते त्यांचं उत्तर असे.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दुसऱ्या गावात, जायला अर्धा दिवस मोडायचा. त्यांनी एक्स-रे काढला आणि बिट्टीलाच समोर बसवून समजावलं. "तुझा खालचा जबडा पुढे आलाय असं वाटतं ना? काहींचा येतो तसा. तुझा मात्र वरचा मागे राहिलाय. आत्ता तुझी हाडं कोवळी आहेत, ओढलं की ऐकतील. मोठी झालीस की नाही ऐकणार."

मग त्यांनी तिच्या वरच्या दाढांना एक पट्टी चिकटवली आणि मला बाहेर काढलं. पट्टीच्या हुकांपासून माझ्या आकड्यांपर्यंत दोन रबरं. मी कपाळाचा आणि हनुवटीचा आधार घ्यायचा आणि वरचा जबडा पुढे ओढायचा. संध्याकाळी चढायचं, सकाळी शाळेच्या वेळी उतरायचं. रबरं रोज नवी.

मित्रांनो, काय सांगू ते दिवस. खिडकीत आलेल्या बोक्याने मला पाहून तोंडातला उंदीर सोडला आणि उंदराने माझे आभार मानले, एवढं एक पदरचं. बिट्टीला मात्र मी जड गेलो. तिची हनुवटी लाल व्हायची, आत्या तिथे मलम लावायची, वाटीखाली मऊ कापड ठेवायची. "दुखतंय का गं?" "दुखत नाही. नुसती रस्सीखेच चालते तोंडात." पण तिने मला कधी फेकलं नाही. काही महिन्यांनी वरचे दात खालच्यांच्या कडेला येऊन टेकले. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "गुणी मुलगी." मी मनातल्या मनात अर्धी वाटणी घेतली.

त्याच भेटीत त्या बाबांना म्हणाल्या, "दर वेळी येणं जमलं नाही तर बाजूने एक फोटो पाठवत जा. दात मिटलेले, मान सरळ."

फोटोच्या बाबतीत बाबांना कोणी काही सांगायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. जन्मभर त्यांनी लोकांची टकलं झाकली, दुहेरी हनुवट्या एकेरी केल्या. वाईट दिसणारा फोटो काढायला त्यांचा हातच धजेना. त्यांनी बिट्टीला स्टुलावर बसवलं. "मान जरा खाली घे. जबडा सैल सोड. किंचित माझ्याकडे वळ. हं, आता कशी राजकन्या दिसतेस." नंतर संगणकावर हनुवटीची कडाही थोडी खरवडली. त्यांना ही लबाडी वाटलीच नाही. गिऱ्हाइकाचा शर्ट इस्त्री करावा तसं ते काम होतं.

फोटो गेला. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "छान दिसतंय. पण मास्क चालू ठेवा आणि पुढच्या महिन्यात नक्की आणा तिला."

बाबांनी "छान" एवढंच घरात आणलं. तो फोटो चौकटीत बसवून स्टुडिओच्या दाराशी लावला. येणारे-जाणारे म्हणू लागले, "पोरगी सुधारली हो." जे दिवसभर डोळ्यांसमोर आहे ते घरातल्यांना खरं वाटू लागलं, आणि समोर फोटोच होता. पुढे दाढांची पट्टी निखळली, माझी रबरं अडकवायला जागाच उरली नाही. आत्या म्हणाली, "चिकटवून आणू या."

"अगं, लग्नसराई आहे. आणि आता कशाला?" बाबांनी फोटोकडे बोट दाखवलं. आत्याने त्या दिशेला पाहिलं आणि ती पुन्हा शिवणाला बसली. तिलाही तो फोटो फार आवडायचा.

माझी रवानगी खाली स्टुडिओत झाली. तिथे पुठ्ठ्याचे मुकुट आणि खोट्या मिशा ठेवायची पेटी होती. एका गिऱ्हाइकाच्या पोराने मला उचलून तोंडाला लावलं, आणि बाबांना युक्ती सुचली. मला चंदेरी रंग फासला. मागे काळा पडदा, त्यावर चांदण्या. मी अंतराळवीराचा मुखवटा झालो. सरळ जबड्यांची किती पोरं माझ्यातून खिदळत गेली. मुलं रांग लावायची. बिट्टी बाजूला पडद्याची दोरी धरून उभी असायची. तिची उंची वाढत होती आणि उंचीबरोबर हनुवटी. वरचा जबडा जिथे सोडला होता तिथेच.

शाळेत तिला पुढे आलेल्या हनुवटीवरून "चमचा" म्हणायला लागले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. शब्द तोंडातून निसटायचे, सफरचंद चावता येईना. एके दिवशी तिने मला पेटीतून काढलं, चेहऱ्यावर धरलं. मी तिच्या कपाळाला पुरलो नाही. मला पिशवीत टाकून ती आत्याला म्हणाली, "चल. डॉक्टरीणबाईंकडे." बाबाही मागून आले, फोटो काखेत मारून.

डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे बराच वेळ पाहिला. "आता मास्कचं काम संपलं. वाढ पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. मग दातांना तारा, आणि मग शस्त्रक्रिया, जबडा कापून बसवायची. होईल. पण जे रबरांनी होत होतं ते आता करवतीने करावं लागेल."

"पण डॉक्टर, हे बघा ना," बाबांनी फोटो पुढे केला.

बिट्टीने तो फोटो त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा ठेवला. "बाबा, फोटोतली मुलगी बरी झाली. मी नाही."

बाबांना रडू आलं, पण त्यांचे डोळे पुसायला कुणी पुढे झालं नाही.

बाहेरच्या खोलीत एक बाई लहान मुलीला घेऊन बसल्या होत्या. त्या पोरीचे खालचे दात वरच्यांच्या पुढे होते. बाई शेजारणीला सांगत होत्या, "दुधाचे दात आहेत हो. पडले की बसेल आपोआप. मी आपली कीड दाखवायला आले." बिट्टी त्यांच्यासमोर उभी राहिली. "काकू, माझ्याकडे बाजूने बघा. आणि आत गेलात की हिच्या जबड्याचंही विचारा."

बाईंनी पाहिलं. मग आपल्या मुलीचं तोंड हलकेच दुसरीकडे वळवलं आणि पुटपुटल्या, "भलतंच काहीतरी."

मी आता त्याच खोलीत बाकावर पडलो आहे. निघताना बिट्टीने मला पिशवीतून काढून इथेच ठेवलं, बरोबर नेलं नाही. त्यात तिची काही चूक नाही. मित्रांनो, मी पुन्हा कोणाच्या कामाचा नाही, रंगही उडत चालला आहे. तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या घरात एखाद्या लहानग्याचे दात असे उलटे मिटत असतील, तर दातांच्या डॉक्टरांकडे त्याला लहानपणीच न्यायला लावा. घरातले हसतील, रागावतील, चांगला दिसणारा फोटो दाखवतील. तुम्ही त्या पोराला उजेडात उभं करा, दात मिटायला सांगा आणि मोठ्यांना बाजूने बघायला लावा. हाडं थोडेच दिवस ऐकतात. माणसं त्याहून कमी.

मी हे बोलतोय तोवर आतून त्या बाईंना हाक आली. कीड दाखवून त्या लगेच बाहेर आल्या. जाताना त्यांच्या मुलीने मला उचलून विचारलं, "आई, हे काय आहे?"

"टाक ते. खेळणं आहे कुणाचं तरी."