दोनशे रजयांची पावती

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर उलटी अक्षरं: 'सामग्री प्राप्त'. भोपाळच्या इब्राहिमपुऱ्यातल्या एका कारागिराने मला घडवलं आणि एका सरकारी विद्यापीठाच्या भांडारात माझी नेमणूक झाली. नेमणूकच म्हणतो मी, कारण माझा रुबाबच तसा होता. मी उमटल्याशिवाय कुठल्याही व्यापाऱ्याला पैसे मिळत नसत.

माझे मालक नरहर देवपुजारी, तिथले भांडारपाल. वर्ध्याहून आलेले, विद्यापीठाच्या टाउनशिपमध्ये पत्नी लीलाबाई आणि मुलगी वैजयंती यांच्यासह राहणारे. माल आला की ते स्वतः मोजत, खडूच्या पेट्यासुद्धा उघडून बघत. व्यापारी वैतागून म्हणत, "देवपुजारीजी तो प्रसाद भी गिनकर लेंगे." मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटे.

एका मार्गशीर्षात वैजयंतीचं लग्न वर्ध्याला ठरलं. आमच्या कचेरीत एक रीत होती. लांब रजेवर जाणारा माणूस चार-पाच कोऱ्या पावत्यांवर सही-शिक्का करून जाई, म्हणजे मागे काम अडत नसे. नरहररावांनी ती कधीच पाळली नव्हती. पण लेखा विभागातले बाळकृष्ण खानझोडे त्यांच्याच गावचे, आणि पंधरा दिवसांची रजा खानझोड्यांनीच साहेबांकडून मंजूर करून आणलेली.

"नरहरराव, पाचच पावत्या. आपल्या माणसावर एवढाही भरोसा नाही का?"

नरहररावांनी पाचही कोऱ्या पावत्यांवर सह्या केल्या. मग मी पाच वेळा उमटलो. मला ओरडता आलं असतं तर!

लग्न उरकून ते परतले, तर मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन सरोजबाई भांडाराच्या दारात उभ्या.

"भाईसाहब, कागज पर दो सौ रजाइयाँ आ गईं. लड़कियाँ तो चादरों में सिकुड़कर सो रही हैं."

पावती काढून पाहिली, ती त्या पाचांपैकीच एक. सही नरहररावांची, खाली मी. पैसे केव्हाच उचलले गेले होते आणि रजई एकही आली नव्हती. खानझोडे हळूच म्हणाले, "गप्प राहा. पुढच्या वर्षी भागवून घेऊ."

त्या संध्याकाळी नरहरराव मला खिशात घालूनच घरी गेले. लीलाबाईंना रडू आवरेना. "एक पैसा घेतला नाही तुम्ही. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. कशाला सांगता?"

"न बघता 'मिळालं' म्हटलं मी, लीला. त्या पोरी कुडकुडताहेत ते माझ्या सहीनं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं लिहून दिलं. चौकशी बसली. खानझोड्यांची सही कुठेच सापडली नाही, नरहररावांची मात्र सापडली. त्यांची नोकरी गेली आणि खानझोडे बढती घेऊन दुसऱ्या विभागात गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पुढचं मला आमच्या भांडारातल्या शंकर शिपायाच्या बोलण्यातून कळलं. क्वार्टर सोडताना नरहररावांनी घरातल्या चारही रजया वसतिगृहात नेऊन दिल्या. सरोजबाई पावती लिहू लागल्या तेव्हा ते म्हणाले, "रहने दीजिए, अब मेरे दस्तखत का क्या मोल." रजया चार होत्या आणि मुली दोनशे.

मी आता पुराव्याच्या पाकिटात बंद आहे. मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती एखादा शिक्का येईल. मला खरं-खोटं कळत नाही, दाबलं की उमटायचं एवढंच येतं. म्हणून सांगतो, मागणारा कितीही आपला असो, कोऱ्या कागदावर शिक्का मारू नका. त्या कागदापलीकडे कुणीतरी थंडीत झोपलेलं असतं.