बाबांनी भरलेली बॅटरी

आमच्या घरी बाईंना भांडी घासायला टाकायची, तीसुद्धा आई आधी विसळून टाकते. दुसऱ्याच्या हातात वस्तू द्यायची तर नीटनेटकी द्यावी, हा बाबांचा नियम. या नियमापायी माझा जीव जायची वेळ आली.

माझ्या मोटरसायकलच्या चार्जिंगमध्ये दोष निघाला म्हणून कंपनीनं त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. म्हणे, बॅटरी भरत नाही, गाडी चालता चालता बंद पडू शकते. शकते कसली? सदाशिव पेठेतून खडकीला नोकरीवर जाताना माझी दोनदा बंद पडली होती. रजा काढून टिळक रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या माणसानं मीटर लावला आणि मान हलवली.

"बॅटरी फुल आहे, मॅडम. उतरलेली असेल तरच पार्ट बदलतो."

"अहो, पण गाडी बंद पडते!"

"आत्ता चालू आहे ना? मग न्या."

दुसऱ्या दिवशी संगम पुलावर ती बंद पडली. मागच्या बसनं करकचून ब्रेक मारला. बस माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मी गाडी ढकलत कडेला घेतली.

घरी येऊन हे सगळं सांगितलं तर बाबा गोंधळले. "बॅटरी उतरेल कशी? तू न्यायच्या आदल्या रात्री मी चार्जर लावून फुल केली होती. शिवाय गाडी पुसलीसुद्धा."

मी इतकी ओरडले की शेजारच्या सरोजिनीकाकू गॅलरीत आल्या. बाबा आत गेले. त्यांनी चार्जर आणून माझ्या हातात दिला.

सर्व्हिस सेंटरची पुढची तारीख येईपर्यंत ते गाडीकडे फिरकले नाहीत. धूळ बसली तेव्हा मात्र खिडकीतून बघत चुळबुळ करत होते. तारखेच्या दिवशी सकाळी गाडी सुरूच झाली नाही. आम्ही दोघांनी ती टिळक रस्त्यापर्यंत ढकलत नेली. बाबांचा शर्ट घामानं चिंब झाला होता.

काउंटरवर तोच माणूस. मीटर बघून त्यानं पार्ट बदलायला सांगितलं. मग धुळीनं भरलेल्या टाकीवरून बोट फिरवत बाबांकडे पाहिलं.

"काय काका, गाडीकडे लक्षबिक्ष देता की नाही?"

मी तोंड उघडणार होते. बाबांनी माझा हात दाबला.

"नाही हो," ते म्हणाले. "अजिबात देत नाही."