घरच्या माणसाची सही

बावीस वर्षं मी हिंगण्याच्या एका कंपनीची बस चालवतोय. बसवर थेंबही घेतला नाही, हे छातीठोकपणे सांगतो. पकडला गेलो तो सुटीच्या दिवशी, स्वतःच्या स्कूटरवर. लायसन गेलं. ते परत हवं तर चार रविवार दारूबद्दलच्या वर्गात बसायचं होतं.

घरी सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे. मुलीचं, भूमिकाचं, साक्षगंध महिन्यावर आलेलं. लग्नासाठी तिची एकच अट होती, सासरच्या घरात पिणारं कोणी नको. का, ते मला विचारू नका. कन्हानला जाऊन होणाऱ्या व्याह्यांना, चंपतरावांना, मीच ती अट सांगितली होती. "आमच्याकडे चहाच्या पुढे काही नाही," असं ते म्हणाले होते.

पहिल्या रविवारी वर्गात शिरलो, तर मागच्या बाकावर चंपतराव. ते सरकले, मी बसलो.

"तुम्ही बी का, नत्थूजी?"

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आता ते माझं कुणाला सांगणार नव्हते.

शेवटच्या रविवारी वर्ग घेणाऱ्या मॅडमनी फॉर्म वाटले. 'यांनी दारू पिऊन गाडी चालवली, हे मला माहीत आहे.' खाली घरच्या माणसाची सही. सही नाही तर लायसन नाही.

"घरी काहून तमाशा करता? आपण घरचेच ना आता," चंपतराव म्हणाले. त्यांनी माझ्या फॉर्मवर सही केली, मी त्यांच्या. नात्यापुढे दोघांनी लिहिलं, व्याही. मॅडमनी शिक्के मारून प्रती परत दिल्या. मी न बघता घडी घातली आणि घरी येऊन सवयीप्रमाणे स्कूटरच्या डिक्कीत, गाडीच्या कागदांबरोबर ठेवली.

बुधवारी भूमिका स्कूटरची पीयूसी काढायला गेली. परत आली ती घडी घेऊनच, आणि माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवली. प्रतींची अदलाबदल झाली होती. वर चंपतरावांचं नाव, खाली माझी सही.

"तुम्ही पेता ते मले माहीत आहे, बाबा. म्हणून तर अट घातली होती. हे माहीत असून तुम्ही मले त्या घरी पाठवून राहिले होते?"

"लायसन गेलं होतं गं. माझ्या फॉर्मवर पण घरच्याची सही..."

"मले मागायची ना. मी दिली असती."

तिनं फोन उचलला आणि जितेंद्रला, होणाऱ्या नवऱ्याला, साक्षगंधाचा हॉल रद्द करायला सांगितलं.