खंडेनवमीला घासलेले दगड

चंपतरावांच्या पत्राला दिवाळी उलटली तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

कन्हानजवळच्या त्यांच्या तेल कारखान्यात सांडपाण्याचा दगडी हौद कॉलेजातली मास्तरकी सांभाळून मीच आखून दिला होता. तेलकट पाणी दगडांवरून झिरपायचं. दगडांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरला होता; तो तेल खायचा, म्हणून पुढे नाल्यात जाणारं पाणी गुरांना पिण्याजोगं असायचं.

खंडेनवमीला कारखान्यातलं प्रत्येक यंत्र घासूनपुसून पुजतात. आदल्या दिवशी मी तिथे होतो. चंपतराव हौदावर काम करणाऱ्या देवाजीला म्हणाले, "पाहुणे येऊन राहिले गा. हे घाण काढ. दगडं लखलखीत पाहिजे."

"ती घाण नाही," मी म्हणालो. "तो थर जिवंत आहे."

"मंग त्याले बी दसऱ्याची सुट्टी देऊ, मास्तर."

सगळे हसले. मीही हसलो.

देवाजीनं कॉस्टिक सोडा टाकून दगड घासले, हळदकुंकू वाहिलं. थर मेला. कॉस्टिक आणि तेल नाल्यात गेलं. खालच्या वस्तीतल्या कौसल्याबाईच्या दोन्ही म्हशी ते पाणी पिऊन मेल्या. लोकांनी देवाजीला धरून मारलं, हात मोडला. पोलिसांनी गुन्हाही त्याच्यावरच नोंदवला.

चंपतरावांना माझ्याकडून एवढंच लिहून हवं होतं, की देवाजीनं हे आपल्या मनानं केलं.

शेवटी मी देवाजीच्या घरी गेलो. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याची बायको सत्यवती चहा ठेवत म्हणाली, "घरी भाताचा एक गंज घासाले सांगतला त यायची कंबर दुखते. अन् तिथं हौदभर दगडं घासून आले."

देवाजी हसला नाही. "तुमी व्हते ना तिथं, साहेब?"

"होतो."

"मंग सांगत काहून नाही?"

माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नसतो, दरवेळी शब्द बदलतात, हे त्याला कसं सांगणार? परतताना बसमध्ये चंपतरावांचं 'हे घाण काढ' मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. शब्द बदलत नव्हते.

घरी येऊन लिहिलं: 'दगड तुमच्या हुकमावरून घासले. मी समोर होतो. कोर्टातही हेच सांगेन. नवा थर धरायला महिने लागतील, तोवर पाणी नाल्यात सोडू नका.' ते सोडतच राहतील, हे मला ठाऊक होतं. एक प्रत पोलीस ठाण्यासाठी केली.

प्रताप नगरच्या टपालपेटीपाशी थोडा वेळ उभा राहिलो. मग दोन्ही पाकिटं आत टाकली.