पोटात जपलेला वायू

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे, दाराचे रबर दोनदा बदलले आहे. तरी माझी मान ताठ आहे. ती का, ते ऐका.

कारखान्यात माझ्या नळ्यांमध्ये क्लोरीन असलेला एक वायू भरला गेला. तो आतली उष्णता बाहेर नेई. त्याला वास नाही, तो पेटत नाही. तेव्हा सगळे त्याला गुणाचे बाळ समजत. अवगुण मागाहून कळला. हा वायू बाहेर सुटला, की काही वर्षांनी ढगांच्याही वर पोहोचतो. तिथे ओझोनचा थर सूर्याची घातक किरणे अडवतो. तिथल्या प्रखर उन्हात वायू फुटतो आणि त्यातला क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो.

असा वायू पोटात घेऊन मी लहान मुलांच्या दवाखान्यात लशी सांभाळल्या. थोरल्या सिस्टर सकाळ-संध्याकाळ माझे तापमान वहीत लिहीत. एकदा नवे कंपाउंडर साचलेला बर्फ काढायला स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

"दोन मिनिटांत पाडतो, सिस्टर."

"आणि नळीला भोक पाडलंत तर? ठेवा ते खाली! लशी बर्फाच्या पेटीत हलवा, फ्रीज बंद करा आणि वाट बघा."

"किती वेळ?"

"वितळेपर्यंत. बर्फाला तुमच्यासारखी घाई नसते."

पुढे माझी मोटर थकली, नवा फ्रीज आला. मला मागच्या अंगणात नेले. भंगारवाले दादा कटर घेऊन माझ्या तांब्याच्या नळीशी बसले. माझा जीव टांगणीला लागला.

"थांबा!" सिस्टर धावत आल्या. "मेकॅनिक येतोय. आधी वायू काढून घेऊ द्या."

"अहो ताई, फुस्स करून जाईल तो. कुणाला दिसतोय?"

"जंतू तरी कुठे दिसतात? म्हणून सुया न उकळताच टोचल्या का मी?"

"बरं बाई, बसतो. पण माझा खोळंबा होतोय हं!"

मेकॅनिक आला. त्याने वजनकाट्यावर रिकामी टाकी ठेवली, माझ्या नळीला झडप बसवली आणि मोटर गरम करत पंपाने वायू टाकीत ओढून घेतला. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर कारखान्यात भरलेल्या वायूचे वजन एकशे साठ ग्रॅम लिहिले आहे. काट्याने एकशे अठ्ठेचाळीस दाखवले.

"बाकीचा मोटरच्या तेलात असतो, तेही काढून नेतो," तो म्हणाला. "पण सिस्टर, इतक्या वर्षांत हा पठ्ठ्या गळलाच नाही!"

सिस्टरांनी माझ्या दारावर थाप मारली. दवाखान्यात माझे पुष्कळ कौतुक झाले होते, पण त्या थापेची सर कशालाच नाही.

"हा वायू जाणार कुठे?" दादांनी विचारले.

"खास भट्टीत. तिथे तो पुरता नष्ट करतात," मेकॅनिक म्हणाला.

दादांनी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. "गेल्या आठवड्यात असे तीन फ्रीज कापले मी," ते हळूच म्हणाले. मग कटर पिशवीत टाकून ते मेकॅनिककडे वळले. "तुमचा नंबर द्या हो. उद्या अजून दोन यायचेत."

मित्रांनो, असे वायू बनवणे जगाने थांबवले, म्हणून ओझोनचा थर हळूहळू भरून येतो आहे. पण माझे कितीतरी म्हातारे भाऊबंद अजून घराघरांत उभे आहेत. त्यांना निरोप द्याल तेव्हा नळी कापू देऊ नका, आधी मेकॅनिकला बोलवा. आम्ही जन्मभर पोटात जपलेले शेवटच्या दिवशी वाऱ्यावर सोडू नका.